मंझारपुरचा नारिंगी दगड

एखाद्या गावात इंटरनेट पोचलं असं जेव्हा कागदावर लिहिलं जातं, तेव्हा त्या गावात खरोखर काय पोचलेलं असतं ते आधी सांगतो. एक पांढरी पेटी पोचलेली असते, जेवणाच्या डब्याएवढी. ती पंचायत भवनाच्या खोलीत भिंतीवर बसवलेली असते आणि तिच्यावर चार-पाच बारीक दिवे असतात. त्यातला एक हिरवा लागला की इकडे लखनौला आमच्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्या गावाचा ठिपका हिरवा होतो. झालं, गाव जगाला जोडलं गेलं. ती खोली उघडी असते की तिला कुलूप असतं, त्या पेटीचा कुणाला उपयोग होतो की नाही, हे ठिपक्यात दिसत नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी हे ठिपके हिरवे करण्यात घालवली.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतल्या गमतीजमती' लिहा, असं संपादकबाईंनी सांगितलं आहे. गमती आहेत, त्या सांगतोच. पण लिहायला बसलो की एकच गाव डोळ्यांपुढे येतं, आणि त्या गावाची गोष्ट गमतीची नाही. बाईंनी क्षमा करावी.

मी मूळचा मानवतचा, परभणी जिल्ह्यातला. वडील मोंढ्यात हमाली करत. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा त्यांना मोंढ्यात गाठलं आणि 'याला पोती उचलायला लावू नका' असं बजावलं, म्हणून मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. टेलिफोन खात्यात लागलो, लखनौला पोस्टिंग मिळालं आणि 'दोन-तीन वर्षांत परत येतो' असं आईला सांगून निघालो तो इथलाच झालो. आता मानकनगरात राहतो. या नोकरीने मला घर दिलं, मान दिला, मुलीचं शिक्षण दिलं. नोकरीविषयी तक्रार करायला जीभ उचलत नाही. तरी काही गोष्टी राहून राहून आठवतात.

आमचं काम समजायला अवघड नाही. काचेची तार असते, केसाहून बारीक. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर स्वार होऊन तुमचे फोटो, सिनेमे, सगळं जातं. अशा तारा एका केबलमध्ये घालून ती केबल रस्त्याच्या कडेने जमिनीत पुरतात. तालुक्याच्या एक्सचेंजपासून गावापर्यंत. तार तुटली की दोन्ही टोकं साफ कापून, समोरासमोर धरून, विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची. धुळीचा एक कण मध्ये आला तरी जोड वाया.

हे जोडायचं काम माझ्याबरोबर इरशाद भाई करत. लखनौच्या चौक मोहल्ल्यातले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चिकनचं भरतकाम चाले. "साहब, हमारी तो पुश्तें धागे की ठहरीं," असं ते म्हणत. "दादा मलमल पर काढ़ते थे, हम मिट्टी में काढ़ते हैं." वयाने माझ्याच बरोबरीचे, पान खाणारे आणि रागावले तरी 'आप' न सोडणारे. केबल तोडून पळालेल्या ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा ते मागून ओरडत, "अल्लाह आपको अक़्ल दे, हुज़ूर!"

आमची गिऱ्हाइकं म्हणजे गावोगावचे प्रधान. आपल्याकडचे सरपंच म्हणा. एका प्रधानाने पेटी भिंतीवरून काढून लोखंडी ट्रंकेत ठेवली होती, वर रजई. का, तर थंडीचे दिवस, मशीनला सर्दी व्हायला नको. दुसऱ्या गावात आमच्या बॅटऱ्या प्रधानाच्या पुतण्याच्या लग्नात मांडवातले पंखे फिरवत होत्या. मी रागावलो तर म्हणाले, "साहब, बारात आपकी भी तो थी, आप आए नहीं." 

मंझारपुरचे प्रधानजी मात्र खरे गरजू गिऱ्हाईक. मंझारपुर बाराबंकीकडचं गाव. तिकडे शेतकरी मेंथा लावतात, म्हणजे पुदिन्याचाच एक भाऊ. उन्हाळ्यात पीक कापून गावातल्याच टाकीत शिजवतात आणि त्याचं तेल काढतात. त्या दिवसांत गावात शिरलं की डोळ्यांना गार झोंबतं, सर्दी झालेल्या माणसाचं नाक मोकळं होतं. तेल खराब होत नाही, म्हणून लोक ते डब्यात भरून भावाची वाट पाहतात. भाव रोज हलतो. प्रधानजींना तो भाव सकाळी सकाळी पाहायचा असे. गाव सखल भागात, मोबाइलवर बोलणं व्हायचं पण चित्र हलायचं नाही. म्हणून आमची पेटी लागली तेव्हा त्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि खोलीला मोठं कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली.

"प्रधानजी, ये सबके लिए है," मी म्हटलं.

"सबके लिए है, तभी तो ताला है," ते म्हणाले. "खुला छोड़ दें तो किसी एक का हो जाएगा."

त्यांचंही खोटं नव्हतं. आणि कुलूप लावलं तरी वायफाय काही कुलपाला विचारून थांबत नाही. खिडकीतून ते बाहेरच्या ओसरीत येई. संध्याकाळी त्या ओसरीवर अर्धं गाव मान खाली घालून बसलेलं असे.

तिथे मी जगरानीला पहिल्यांदा पाहिलं. गावात तिला या नावाने कुणी ओळखत नसे. सगळे 'गूँगी बुआ' म्हणत. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही आलं नाही. ती गावाचीच लेक, विधवा होऊन माहेरी परतलेली, म्हणून सगळ्यांची बुआ, म्हणजे आत्या. दुसऱ्यांच्या शेतात मेंथाची रोपं लावायला जाई. एकच मुलगी, सुमन. ती ऐकू-बोलू शकणारी. मुक्या माणसांसाठी शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा या दोघींना माहीत नव्हती. सुमन लहान असल्यापासून मायलेकींनी आपली आपणच एक भाषा तयार केली होती. दोन बोटं चुरडून नाकाशी नेली की मेंथा. डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली की सुमन, कारण लहानपणी तिची बाळी ओढली जाऊन कान फाटला होता. गावकऱ्यांना यातलं 'ये', 'जा', 'जेव' एवढंच कळे. ती भाषा पूर्ण येणारी माणसं जगात दोनच होती.

सुमन शिवणकामाला तिकडे तमिळनाडूत, तिरुप्पूरला गेली. तेव्हापासून ती आईला फोन करू शकत नव्हती. फोनवर आई काय ऐकणार? तिला आईचे हात दिसायला हवे होते. पेटी बसवली तेव्हा सुमन सुट्टीवर आली होती. गर्दीतून पुढे येऊन तिने विचारलं, "अंकल, इसमें वीडियो रुकेगा तो नहीं?"

"नहीं रुकेगा, बेटी."

"पक्का? हाथ तेज चलते हैं अम्मा के."

मी माझा नंबर तिला दिला. म्हटलं, थांबला तर मला सांग.

पुढे कामानिमित्त मंझारपुरला गेलो की संध्याकाळी हे दृश्य दिसे. जगरानी येई, ओसरीच्या खिडकीत एक वीट उभी करी, विटेला टेकवून फोन ठेवी आणि समोर मांडी घालून बसे. बाकीचे लोक फोन हातात धरून बोलतात. तिला बोलायला दोन्ही हात मोकळे लागत. मग ती जे बोलू लागे! हात, खांदे, भुवया, सगळं बोले. दिवसभर गावात जी बाई कुणाच्या खिजगणतीत नसे, ती तिथे बसून हसे, रागवे, टोमणे मारी. इरशाद भाई एकदा पाहत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "साहब, बाक़ी सब तो इस पर तमाशा देखते हैं. बात बस यही करती हैं."

आमच्यासाठीही तिने खूण ठेवली होती. बंद मुठीतून बारीक धागा ओढल्यासारखं करायची. धागेवाले.

आता दगडाची गोष्ट. केबल कुठून गेली आहे हे कळावं म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने सिमेंटचे दगड रोवतो. नारिंगी रंगाचे, वर काळ्या रंगात नंबर. मंझारपुरच्या अलीकडे एका मोठ्या कडुनिंबाखाली आमचा असा एक दगड होता. त्याच्याच पायथ्याशी जमिनीत केबलचा जोड होता. आता कडुनिंबाखाली उभा नारिंगी दगड म्हटल्यावर पुढे काय होणार हे मराठी वाचकांना सांगायला नको. थोड्याच दिवसांत त्याच्यावर शेंदूर चढला, पायाशी झेंडूची फुलं आली.

प्रधानजी ओशाळून म्हणाले, "साहब, हमने तो कहा, ये टेलीफोन वालों का है. मगर औरतें मानें तब न."

मला हसू आलं. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. मानवतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक दगड होता, परीक्षेला जाताना ती मला त्याच्या पाया पडायला लावी. इरशाद भाई म्हणाले, "रहने दीजिए साहब. देवता पर जेसीबी चलाते सौ बार सोचेंगे." केबलचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जेसीबी. आम्ही दगड तसाच राहू दिला.

फुलं वाहणाऱ्यांत जगरानी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने आमचं काम पाहिलेलं होतं. दगडांची ओळ शहराकडून येते आणि पेटीच्या खोलीपाशी संपते, आणि त्या पेटीतून लेक येते. तिने तिच्यापुरता अर्थ लावला होता. तो फारसा चुकीचा नव्हता.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात तो रस्ता रुंद करायला घेतला. ठेकेदाराची माणसं आली, झाडं पडली, कडेचं सगळं उकरलं गेलं. अशा वेळी रस्ता करणाऱ्यांनी आम्हाला आधी कळवायचं असतं. कळवत नाहीत. जेसीबीने केबल तोडली की ड्रायव्हर तिच्यावर माती लोटून पुढे जातो. एके दिवशी मंझारपुरचा ठिपका लाल झाला.

मी दुरुस्तीचं काढलं, तर वरून उत्तर आलं, रस्ता पूर्ण होऊ द्या, मग नवी केबल एकदाच टाकू. आज जोडाल, उद्या पुन्हा तुटेल. हिशेबाने बरोबर होतं. पडद्यावर असे लाल ठिपके पुष्कळ होते आणि त्यातला एक मंझारपुर होता. प्रधानजी भाव पाहायला मोटारसायकलवर हमरस्त्यापर्यंत जाऊ लागले. जगरानी मात्र रोज संध्याकाळी येत राहिली. खिडकीच्या गजांतून पेटीचा लाल दिवा दिसे. विटेपाशी बसून ती तो हिरवा व्हायची वाट पाही आणि अंधार पडला की घरी जाई. हे मला सुमनने फोनवर सांगितलं. तिला शेजारची बाई सांगायची. मी म्हणायचो, बेटी, बस थोडे दिन.

मग एका सकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज चिरकत होता. "अंकल, अम्मा के पेट में बहुत दर्द है. एम्बुलेंस खड़ी है. अम्मा जा नहीं रही हैं."

घडलं होतं ते असं. जगरानीला आदल्या दिवसापासून पोटात कळा येत होत्या. पहाटे ती पोट धरून, भिंतीचा आधार घेत ओसरीवर आली आणि तिथेच पडली. लोकांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. पण उचलायला गेलं की ती ओसरीच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारी. तिला वाटत होतं, आपल्याला इथून नेलं की लेक दिसायची जागा सुटली. जिल्ह्याच्या गावी मोबाइल चांगला चालतो, तिथे सुमन दिसेल, हे तिला समजावणार कोण? कोणत्या खुणेने? तिला 'जा' म्हणून सांगू शकणारं एकच माणूस होतं आणि ते तिरुप्पूरला होतं.

एक उपाय करून झाला होता. सुमनने हाताने खुणा करून एक व्हिडिओ पाठवला, 'गाडीत बस, मी भेटते.' प्रधानजींनी हमरस्त्यावर जाऊन तो उतरवून आणला आणि जगरानीपुढे धरला. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला. तिने एक हात सोडून काहीतरी विचारलं. पडद्यावरची सुमन उत्तर न देता आपलंच बोलत राहिली. तिने पुन्हा विचारलं. मग घाबरून तिने फोन लोटून दिला आणि खांब आणखी घट्ट धरला. तिच्या भाषेत विचारलेल्याला उत्तर मिळालंच पाहिजे. न देणारी ती सुमन कसली?

मी वरिष्ठांना न विचारता गाडी काढली. इरशाद भाईंनी यंत्रं उचलली. वाटेत तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये आम्ही तार तपासली. हे तपासणं म्हणजे विहिरीत हाक मारण्यासारखं असतं. यंत्रातून उजेडाचा एक ठोका सोडायचा. तार जिथे तुटली असेल तिथून तो परत येतो, आणि यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगतं. पण ते अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नसतं. जमिनीत जागोजागी केबलची वेटोळी ठेवलेली असतात. म्हणून शेवटचा नेमका ठिकाणा दगड पाहूनच ठरवायचा. यंत्राने सांगितलं, तुटलंय ते कडुनिंबाजवळच्या जोडापाशी.

तिथे पोचलो. रस्ता ओळखू येईना. झाडं नाहीत, मैलाचा दगड नाही, पूल नाही, नुसती उकरलेली पांढरी माती आणि लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा. मेंथाचा वास तेवढा ओळखीचा. गाडी पुढे पुढे नेत राहिलो, आणि अचानक इरशाद भाई ओरडले, "वो रहा! साहब, वो रहा!"

आमचा नारिंगी दगड. त्या उजाड रस्त्यावर एकटा, सरळ उभा. शेंदूर लावलेला, पायाशी वाळकी फुलं, आणि नंबर तोच. मला इतका आनंद झाला की मी खरोखर हात जोडले. इरशाद भाई म्हणाले, "कहा था न? देवता को कौन हाथ लगाएगा!"

प्रधानजींनी शेतातली माणसं पाठवली होती. आम्ही दगडाच्या पायथ्याशी खणायला लावलं. कंबरेपर्यंत खड्डा झाला, केबल लागली नाही. थोडं डावीकडे, मग उजवीकडे. ऊन डोक्यावर आलं. खणणारी माणसं बदलली. ओसरीवरून मधूनमधून निरोप येत होता, अजून धरून बसली आहे, उलट्या होताहेत. सुमनचा फोन वाजत होता. मी उचलून "बस, हो रहा है" एवढंच म्हणत होतो.

इरशाद भाई खड्ड्यात उतरले, मातीचं ढेकूळ हातात घेऊन वर पाहिलं. पान थुंकून म्हणाले, "साहब, यहाँ तो कभी कुछ गड़ा ही नहीं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही तो दगड रोवला होता तेव्हा सावलीत उभे होतो. झाड तोडलं तरी बुंधा कुठे जाईल? इथे आसपास बुंधाच नव्हता. दगड आपल्या जागेवर नव्हता.

आम्ही मागे धावलो. बऱ्याच अंतरावर, मातीच्या ढिगाखाली कडुनिंबाचा कापलेला बुंधा सापडला. त्याच्या शेजारी थोडं खणताच केबल दिसली, दोन तुकडे झालेली, वर माती लोटलेली. इरशाद भाई ठेकेदाराच्या माणसांना उद्देशून म्हणाले, "ख़ुदा ग़ारत करे. उखाड़ा था तो फेंक देते कमबख़्त, ग़लत जगह सजाया क्यों!" 'आप' सुटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

धूळ येऊ नये म्हणून आम्ही गाडीवरची ताडपत्री डोक्यावर ओढली. आत भट्टी. इरशाद भाईंच्या नाकावरून घाम ठिबकू नये म्हणून मी रुमाल धरून बसलो. त्यांचा हात एकदाही हलला नाही. एकेक तार जुळत गेली. दुपार कलली होती. मी प्रधानजींना फोन लावला. पलीकडून गलका ऐकू आला, "हरी! हरी होइ गय!" पेटीचा दिवा हिरवा झाला होता.

आम्ही गाडी पळवत ओसरीपाशी गेलो. कुणीतरी खिडकीत वीट उभी केली होती, विटेला फोन टेकवला होता. फोनवर सुमन होती, कारखान्याच्या जिन्यात उभी, आणि तिचे हात चालले होते. जगरानी खांबाला मिठी मारून कुशीवर पडली होती. चेहरा राखेसारखा. तिने फोनकडे पाहिलं. जरा वेळ नुसतंच पाहिलं, ही खरी की मघासारखी, असं. मग एक खूण केली. सुमनने लगेच उत्तर दिलं.

आणि तिने खांब सोडला. दोन्ही हात सोडले. बोलायला तिला दोन्ही हात लागत.

सकाळपासून चार माणसांना जे जमलं नव्हतं ते झालं. दोघी काय बोलल्या ते आम्हाला कुणाला कळलं नाही. फार वेळ बोलल्या नाहीत. मग जगरानीने स्वतःहून हात पुढे केले, आणि लोकांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. जाताना तिने माझ्याकडे पाहून मुठीतून धागा ओढला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात ती वारली. सुमन तिरुप्पूरहून निघाली होती, पण अजून रेल्वेत, वाटेतच होती. पोटात आतडं फुटलं होतं. डॉक्टर प्रधानजींना म्हणाले, "सुबह ले आते तो शायद..." 

तेराव्याला मी आणि इरशाद भाई गेलो. ओसरीसमोर पंगत होती, पत्रावळीवर पुरी आणि कद्दूची सब्जी. सुमन वाढत होती. लोकांशी बोलताना तिचे हात अजून आपोआप हलत होते. ते वाचणारं आता कुणी नव्हतं. वाढून झाल्यावर ती आमच्यासमोर येऊन बसली.

मी विचारलं, "उस दिन अम्मा ने क्या कहा था?"

"पहले तो डाँटा," ती म्हणाली. "इतने दिन कहाँ थी. फिर पूछा, खाना खाया? मैंने कहा, गाड़ी में बैठो तब खाऊँगी."  मग म्हणाली, "अंकल, वो नारंगी पत्थर है न, नीम वाला. जेसीबी वालों ने उखाड़कर फेंक दिया था. अम्मा उठा लाईं. अकेले. टाट में लपेटकर घसीटती रहीं, फिर आगे जहाँ खुदाई नहीं थी वहाँ गाड़ दिया. उसके बाद भी बत्ती हरी रही, तो बहुत ख़ुश थीं. मुझे वीडियो पर बताया." तिने हातांनी दाखवलं. दोन्ही हातांनी जड काहीतरी छातीशी धरलं, मग डाव्या कानाची पाळी चिमटीत पकडली. "कहती थीं, तेरा पत्थर बचा लिया. फिर कुछ दिन बाद तार कट गया. वही हमारी आख़िरी ठीक से बात थी."

इरशाद भाईंचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"अंकल," सुमन म्हणाली, "वो पत्थर आप लोगों के कुछ काम आया?"

"हाँ बेटी," मी म्हटलं. "पूरी सड़क पर वही एक निशान बचा था. उसी को देखकर हम पहुँचे."

इरशाद भाईंनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "बिल्कुल, बिटिया. वो न होता तो हम ढूँढ़ते ही रह जाते."

तिने मान हलवली. पदराने डोळे पुसले आणि आणखी पुरी आणायला उठली.

संध्याकाळी लखनौला परतलो. चौकात उतरताना इरशाद भाई म्हणाले, "साहब, काग़ज़ में क्या लिखेंगे, जगह ढूँढ़ने में देर क्यों हुई?" मी म्हटलं, लिहीन, रस्त्याच्या कामामुळे खुणा नाहीशा झाल्या होत्या. ते म्हणाले, "हाँ. यही ठीक है."

रस्ता पूर्ण झाला, नवी केबल पडली, नवे दगड लागले. त्या एका दगडाला मी हलवू दिलं नाही. त्याच्याखाली आमचं काही नाही, तरी तो तिथे उभा आहे. मंझारपुरचा ठिपका हिरवा आहे. सुमन तिरुप्पूरहून दिवाळीला मला फोन करते, आवाजाचा साधा फोन. व्हिडिओ लावत नाही. बाकी हिंदीत जे मिळेल ते फोनवर वाचत असते.

परवा हे लिहीत होतो तेव्हा नात शेजारी येऊन बसली. तिला मराठी ऐकून कळतं, पण उत्तर हिंदीत देते आणि मराठी वाचताना अडखळते. कागदावर वाकून म्हणाली, "आजोबा, इतना क्या लिख रहे हो? हिंदी में कर दो न, मैं भी पढ़ूँगी."

मी म्हटलं, "नाही बाळ. हे हिंदीत करायचं नाही."